सर्कलवर आधी कोण? नव्या चालकाला पडलेले प्रश्न

नवी_चालक
लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत एक ठरलेला प्रश्न असतो. सिग्नल नाही, पोलीस नाही, अशा चौकात आल्यावर काय कराल? बरोबर उत्तर: उजवीकडून येणाऱ्या वाहनांना वाट देऊन, इशारा करून पुढे जाल. इथपर्यंत कळलं.
पण चौकाच्या मधोमध गोल बेट असेल, म्हणजे आपण ज्याला सर्कल म्हणतो ते, तर हा नियम नेमका कसा लावायचा? सर्कलच्या तोंडाशी उभं राहिलं की आत फिरणाऱ्या गाड्याही उजवीकडून येतात आणि उजव्या हाताच्या रस्त्यावरून आत शिरू पाहणाऱ्या गाड्याही उजवीकडेच असतात. दोघांनाही वाट द्यायची का? आणि एकदा आत शिरल्यावर पुढच्या रस्त्यावरून कोणी घुसायला लागला, तर थांबायचं कोणी, आतल्याने की त्याने?
ड्रायव्हिंग स्कूलमध्ये "हॉर्न द्या आणि काढा" एवढंच शिकवतात. कृपया कोणीतरी पायरीपायरीने नीट उलगडून सांगा. गाडी मॅन्युअल आहे, चालवणं शहरातलं.

उलटा_त्रिकोण
जो सर्कलच्या आत आहे तो आधी. शिरणारा थांबतो. बाकी सगळं यातूनच निघतं.

रस्तेआरेखक
वरचं उत्तर बरोबर आहे, फक्त ते कुठून आलं ते सांगतो, म्हणजे परीक्षेतला नियम आणि सर्कलचा नियम यांची सांगड बसेल.
आपल्याकडे आधी 'रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स, १९८९' लागू होते. त्यात सर्कल वेगळं काढलेलं नव्हतं. मुख्य रस्त्यावर शिरत असाल तर त्या रस्त्यावरच्यांना वाट द्या, नाहीतर उजवीकडून येणाऱ्यांना द्या, एवढंच. २०१७ मध्ये त्यांच्या जागी 'मोटर व्हेइकल्स (ड्रायव्हिंग) रेग्युलेशन्स' आले. त्यात सर्कलमध्ये आधीच असलेल्या वाहनाला अग्रक्रम दिला आहे.
आता गंमत बघा. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून सर्कलभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. तुम्ही तोंडाशी उभ्या असताना आत फिरणारी प्रत्येक गाडी तुमच्या उजवीकडूनच येते. म्हणजे जुना नियम घ्या की नवा, आतल्याला वाट द्यायचीच.
तुमचा दुसरा प्रश्न उजव्या हाताच्या रस्त्यावर, तोंडाशी थांबलेल्या गाडीचा. ती अजून आत नाही. तिलाही तिच्या उजवीकडच्यांसाठी थांबायचं आहे. त्यामुळे ती नुसती उभी आहे म्हणून तुम्ही अडून राहायचं कारण नाही. पण तिची पुढची चाकं रेषा ओलांडून आत आली की ती आतली झाली आणि तुमच्याकडे येणार असेल तर तिला वाट. मोठ्या सर्कलवर दोघे एकदम शिरलात तरी ती तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर तुम्ही पुढे सरकलेल्या असता. लहान सर्कलवर मात्र ती दोन सेकंदांत तुमच्यासमोर असते, तिथे दोघे एकदम पोचलात तर उजवीकडची आधी, हेच धरा.
आणि तिसरा प्रश्न: तुम्ही आत आहात आणि पुढच्या रस्त्यावरून कोणी घुसतोय. थांबायचं त्याने. तुम्ही वेग थोडा कमी करून ब्रेकवर पाय तयार ठेवायचा, पण आपण होऊन गाडी उभी करायची नाही. आतमध्ये उभं राहण्याने काय बिघडतं ते वेगळं सांगावं लागेल.

मांडवीकाठ
दिशा लक्षात ठेवायला सोपी खूण: प्रदक्षिणा. देवळात देव आपल्या उजव्या हाताला ठेवून फिरतो. सर्कलवरही बेट उजव्या हाताला. आमच्याकडे पणजीत दिवजा सर्कलला बाहेरगावची गाडी क्षणभर गोंधळते, तेव्हा हे आठवलं तरी पुरे. बेट डाव्या हाताला येतंय असं वाटलं तर तुम्ही उलट दिशेला चाललात.

नवी_चालक
प्रदक्षिणेची खूण आता विसरणार नाही, धन्यवाद! रस्तेआरेखक, आत उभं राहिल्याने काय होतं ते सांगाच. कारण बऱ्याचदा आतली गाडी थांबून हात दाखवते, "या तुम्ही".

डिझेल
नियम सगळे कागदावर छान आहेत. रस्त्यावर मोठ्या गाडीला वाट मिळते आणि नाक आधी घालणाऱ्याला. नव्या माणसाने नियम धरून तोंडाशी थांबायचं ठरवलं तर मागचे हॉर्न वाजवून जीव नकोसा करतील आणि तो दहा मिनिटं तिथेच उभा राहील. सरळ पहिल्या गियरमध्ये हळूहळू नाक घाला, लोक थांबतात.

गियरबॉक्स
डिझेलदादा, नाक घातल्यावर लोक थांबतात हे नेहमी खरं नसतं. नाक घातल्यावर चारचाकी थांबते, दुचाकी वळसा घालून जाते. ती वळसा घालते बेटाच्या बाजूला, तिथे शेजारून चाललेल्या टेम्पोच्या पुढे. आपण घातलेल्या नाकाची किंमत तिसराच मोजतो.
शिवाय धडक झाली तर कुठे काय चेपलंय ते स्वच्छ दिसतं. शिरणाऱ्याचा पुढचा बंपर किंवा हेडलाइट आणि आतल्या गाडीचा डावा दरवाजा. या खुणा पाहिल्यावर कोण आत होतं आणि कोण शिरत होतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

रस्तेआरेखक
@नवी_चालक, आतल्याने थांबून वाट दिली तर काय होतं ते एका चित्रातून सांगतो. चार रस्त्यांचं सर्कल घ्या. रस्त्यांना घड्याळाच्या दिशेने क, ख, ग, घ म्हणू. क वरून आलेली गाडी ग ला बाहेर पडणार आहे. ख च्या तोंडाशी ती थांबली आणि ख वाल्यांना आत घेतलं. तिच्या मागे सर्कलमध्ये रांग लागली. त्या रांगेत घ वरून आलेल्या गाड्या आहेत, त्यातल्या काहींना ख लाच बाहेर पडायचं होतं. बाहेरचा रस्ता मोकळा, पण पुढची गाडी उभी, म्हणून याही अडकल्या. रांग मागे सरकत घ च्या बाहेर पडण्याच्या तोंडापर्यंत आली. आता घ ला बाहेर पडणारेही अडले. त्यांच्यामागे ग वाले. चारी बाजूंना असं झालं की सर्कल पूर्ण भरतं. आत यायला जागा नाही, बाहेर जायलाही नाही. कोणी वाईट चालवत नसतो, सगळे एकमेकांना वाट देत असतात आणि तरी कोणी हलत नाही.
उलट आतल्याला अग्रक्रम दिला तर सर्कल आपोआप रिकामं होत राहतं. रांग लागलीच तर ती बाहेर, रस्त्यांवर लागते. तिथे लागलेली रांग सुटते. आत लागलेली सुटत नाही.
म्हणून "या तुम्ही" हा हात मनाने चांगला असला तरी सर्कलच्या आत नको. सौजन्य दाखवायचंच तर बाहेर पडताना झेब्रावरच्या माणसाला दाखवा.

स्विंडनकर
यात इतिहासाची भर. मधोमध बेट ठेवून एकाच दिशेने फिरण्याची कल्पना जुनी. न्यूयॉर्कमध्ये कोलंबस सर्कलला १९०५ पासून. इंग्लंडमध्ये लेचवर्थला १९०९ च्या सुमारास. पण वाट कोणी कोणाला द्यायची हे कित्येक वर्षं ठरलेलं नव्हतं, आणि रस्तेआरेखक यांनी वर्णन केलंय तशी सर्कलं गच्च भरायची. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९६६ मध्ये नियम आला की शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्याला, म्हणजे आतल्याला, वाट द्यायची. सर्कलचं घट्ट बसणं त्यानंतर थांबलं. मग कमी जागेतही सर्कल चालेल हे लक्षात आलं आणि रस्त्यावर नुसता पांढरा गोल रंगवलेली छोटी सर्कलं आली. आमच्या स्विंडनमध्ये १९७२ चं 'मॅजिक राउंडअबाउट' आहे: पाच छोटी सर्कलं एका मोठ्या वर्तुळात. पाहिल्यावर छाती दडपते, पण प्रत्येक छोट्या सर्कलच्या तोंडाशी प्रश्न एकच असतो, उजवीकडून कोणी येतंय का. तेवढंच बघत गेलात की पलीकडे पोचता.
फ्रान्समध्ये उलट होतं, शिरणाऱ्याला अग्रक्रम. तिथे १९८० च्या दशकात बदल झाला. पॅरिसला आर्क द त्रिओम्फच्या सर्कलवर मात्र अजून जुना नियम आहे, शिरणारा आधी. तिथे आतल्या गाड्या थांबलेल्या दिसतात.

सायकलवाली
जर्मनी आणि अमेरिकेत नव्याने गेलेल्यांसाठी: तिथे बेट डाव्या हाताला, उलटी प्रदक्षिणा. म्हणजे आतला येतो तो डावीकडून. "उजवीकडे बघा" हे पाठ केलेलं असेल तर तिथे चुकाल. "आतल्याकडे बघा" हे पाठ करा, ते बहुतेक ठिकाणी चालतं.
जर्मनीत आणखी एक बारकावा. तोंडाशी उलट्या त्रिकोणाची पाटी आणि तिच्याबरोबर निळ्या गोलात तीन बाण असतील तरच आतल्याला अग्रक्रम. अशा सर्कलमध्ये शिरताना इंडिकेटर द्यायला मनाई आहे, बाहेर पडताना मात्र द्यावाच लागतो. पाट्या नसतील तर साधा उजवीकडच्याचा नियम लागतो, आणि तिथे उजवीकडून येणारा म्हणजे शिरणारा!

मोटरट्रेनर
नवी_चालक ताई, पायऱ्या मागितल्या होत्यात, त्या देतो. आकडे शहरातल्या ४० च्या वेगाला धरून आहेत.
सर्कलच्या साधारण १०० मीटर आधी पाटी दिसते, लाल किनारीचा त्रिकोण आणि त्यात गोल फिरणारे तीन बाण. तिथेच ठरवा की तुम्हाला कितवा रस्ता पकडायचाय. तोंडाशी येऊन ठरवायला बसलात की निम्मी चूक तिथेच झाली. पन्नास मीटरवर आधी आतला आरसा, मग ज्या बाजूला सरकायचं त्या बाजूचा. मागे चिकटून कोणी आहे का ते कळलं पाहिजे, कारण तुम्ही आता वेग कमी करणार आहात. तीस मीटरवर इंडिकेटर, ब्रेक, वेग वीसच्या आसपास, गियर दुसरा.
आता सगळ्यात महत्त्वाचं. वेग ब्रेकने कमी करा आणि गियर त्यानंतर बदला. नवे लोक क्लच दाबून गाडी वाहू देतात, तोंडाशी पोचतात तेव्हा गाडी गियरमध्ये नसते. नेमकी तेव्हाच जागा मिळते आणि घाईत गियर टाकताना गाडी बंद पडते. दुसऱ्या गियरमध्ये, क्लच पूर्ण सोडलेला, पाय ब्रेकवर, अशी गाडी रेषेपर्यंत आली पाहिजे. उजवीकडे मोकळं असेल तर थांबायचं नाही, तसंच आत. मोकळं नसेल तर रेषेवर पूर्ण थांबा, पहिला गियर, क्लच चावायला लागतो, म्हणजे गाडी पुढे ओढू लागते, त्या जागी आणून ठेवा. चढ असेल तर हँडब्रेक.
थांबायची रेषा कुठली? वाट द्या अशी पाटी म्हणजे उलटा त्रिकोण, पांढरा, लाल किनारीचा. जमिनीवर तुटक पांढऱ्या दुहेरी पट्ट्या. पट्ट्या पुसल्या असतील तर बेटाभोवतीच्या रस्त्याची बाहेरची कड मनात पुढे ओढा, ती तुमची रेषा. बंपर तिच्या अलीकडे.

नवी_चालक
हे फार उपयोगी आहे. पण "मोकळं" म्हणजे किती मोकळं? मला नेहमी वाटतं की जाता आलं असतं, आणि तोवर ती जागा गेलेली असते.

मोटरट्रेनर
मोजा. थांबलेली गाडी रेषेवरून आत दहा मीटर सरकायला साधारण साडेतीन-चार सेकंद घेते, तुम्ही गडबड न करता उचललीत तर. आतली गाडी ताशी पंचवीसने येत असेल तर ती सेकंदाला सात मीटर येते. चार सेकंदांत अठ्ठावीस मीटर. म्हणजे उजवीकडची गाडी सहा-सात गाड्यांच्या लांबीइतकी लांब असेल तरच निघा. नव्या हाताला पाच सेकंद धरा.
सराव बाहेर उभं राहून करा, गाडीत बसून नव्हे. फुटपाथवरून सर्कल बघा. एक गाडी तोंडासमोरून गेली की मनात "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणायला लागा, दर शब्दाला साधारण एक सेकंद जातो. पुढची गाडी त्याच जागी येईपर्यंत किती झाले ते बघा. अर्धा तास केलंत की चार सेकंदांची जागा डोळ्याला कळायला लागते.

दुचाकीस्वार
सेकंद मोजताना गाडीच्या खांबाला विसरू नका. पुढच्या काचेच्या उजव्या कडेचा खांब चालकाच्या डोळ्यापासून दोन फुटांवरसुद्धा नसतो. पंधरा मीटरवरची दुचाकी त्याच्याआड संपूर्ण जाते. त्यात सर्कलवर तुम्ही पुढे सरकत असता आणि दुचाकी गोल येत असते, दोघांचे वेग जुळले तर ती खांबाच्या आडच राहते, बाहेर डोकावतच नाही. उपाय फुकटचा आहे: निघण्याआधी कमरेतून एकदा पुढे झुका, एकदा मागे व्हा. खांब डोळ्यापुढून सरकतो आणि लपलेलं दिसतं. नुसती मान वळवून हे होत नाही.
दुचाकीवाल्यांसाठी माझं एक सांगणं. बऱ्याच सर्कलवर पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याचा उतार बाहेरच्या बाजूला असतो, म्हणजे वळताना गाडी मुळातच बाहेर ढकलली जाते. पहिल्या पावसात डिझेलचे थेंब वर येतात, झेब्राचा रंग निसरडा होतो. ब्रेक सगळा सर्कलच्या आधी, गाडी सरळ असताना. झुकलेल्या गाडीवर पुढचा ब्रेक ओढू नका.

डिझेल
सेकंदांचं गणित पटलं. पण माझा मुद्दा अजून उभा आहे. संध्याकाळी सहा वाजता चार सेकंदांची जागा मिळतच नाही. तेव्हा काय?

रस्तेआरेखक
रास्त प्रश्न. सर्कलची एक मर्यादा असते. आपल्याकडची अभियांत्रिकीची जुनी शिकवण अशी की सगळ्या बाजूंनी मिळून तासाला ३००० वाहनांपर्यंत सर्कल बरं चालतं. त्यापुढे सिग्नल हवा. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेअभियंत्यांच्या संस्थेचं यावरचं मार्गदर्शन १९७६ चं होतं, ते २०१७ मध्ये सुधारलं. जुन्या पद्धतीत सर्कल मोठं ठेवायचे, म्हणजे शिरणारा आणि बाहेर पडणारा चालता चालता एकमेकांत मिसळतील, कोणी थांबायलाच नको. मुंबईत माटुंग्याचं माहेश्वरी उद्यान, नव्या दिल्लीतली मोठी सर्कलं याच विचारातली. वाहनं वाढली की मिसळायला जागा उरत नाही आणि मग नाक घालण्याशिवाय काही सुचत नाही. चंदीगडमध्येही कितीतरी सर्कलवर नंतर सिग्नल बसवावे लागले.
तर गर्दीच्या वेळी करायचं काय? आतला वेगही तेव्हा दहा-बाराचा असतो, म्हणजे चार सेकंदांत तो अकरा ते तेरा मीटरच येतो. अंतर कमी लागतं. दोन गाड्यांमध्ये तीनेक गाड्यांची जागा दिसली आणि मागच्याने वेग वाढवलेला नाही, तर सरका. मागच्याच्या चाकाकडे बघा, चेहऱ्याकडे नको. चाक मंदावलं की तो देतोय. हे नाक घालणं नव्हे. नाक घालणारा समोरच्याला ब्रेक मारायला लावतो. तुम्ही शिरल्यावर मागच्याला ब्रेक मारावा लागला नाही, तर तुम्ही बरोबर शिरलात.

डिझेल
ही कसोटी आवडली. मान्य.

गियरबॉक्स
लेनचं कोणीच बोललं नाही. आपल्याकडे आत पट्टे आखलेले क्वचितच असतात, पण दोन गाड्या शेजारी मावतात तिथे दोन लेन आहेत असं समजूनच चाला. डावीकडचा पहिला रस्ता किंवा सरळ समोरचा पकडायचा असेल तर बाहेरची, म्हणजे डावी. उजवीकडच्या रस्त्याला किंवा यू टर्न घ्यायचा असेल तर बेटालगतची.
सगळ्यात जास्त घासाघासी इथे होते: बेटालगतचा चालक आपला रस्ता आला म्हणून एकदम डावीकडे कापतो आणि बाहेरच्या लेनमधला अजून पुढे जाणार असतो. लेन बदलणाऱ्याने वाट द्यायची. म्हणजे बेटालगतच्याने. तुमचा रस्ता येण्याआधीचा रस्ता ओलांडलात की डावा इंडिकेटर, डावा आरसा, डाव्या खांद्यावरून एक नजर, आणि जागा असेल तरच बाहेर. नसेल तर?

उलटा_त्रिकोण
नसेल तर आणखी एक फेरी. सर्कलची हीच तर मोठी सोय आहे. सिग्नलवर वळण चुकलं की दोन किलोमीटर पुढे जाऊन यावं लागतं, इथे अर्ध्या मिनिटात परत त्याच रस्त्यासमोर.

दुचाकीस्वार
आणि कृपा करून रिव्हर्स घेऊ नका. वळण चुकलं म्हणून सर्कलच्या आत मागे येणारी गाडी ही दुचाकीवाल्यासाठी सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे.

स्विंडनकर
इंडिकेटरची ब्रिटिश पद्धत, तिथे शिकणाऱ्यांना उपयोगी: पहिल्या डाव्या रस्त्याला जायचं तर आधीपासून डावा. सरळ जायचं तर शिरताना काही नाही, अलीकडचा रस्ता ओलांडला की डावा. उजवीकडे जायचं तर शिरताना उजवा, मग बाहेर पडताना डावा.

गियरबॉक्स
भारतातही तेच करा, फक्त उजव्या इंडिकेटरचा एक धोका लक्षात ठेवा. आपल्याकडे ट्रकवाले उजवा इंडिकेटर "मागून ये" म्हणूनही देतात, काही जण "येऊ नको" म्हणून. त्यामुळे दुसऱ्याच्या इंडिकेटरवर विसंबून आत शिरू नका. त्याचा डावा इंडिकेटर लागलाय म्हणजे तो बाहेर पडणारच असं नाही, तो मागच्याच वळणापासून चालू राहिलेला असू शकतो. पुढची चाकं डावीकडे वळायला लागली आणि वेग उतरला, मग खरं.

सायकलवाली
चालणाऱ्यांचं आणि सायकलचंही लिहा कोणीतरी. नीट आखलेल्या सर्कलवर झेब्रा थांबायच्या रेषेच्या एक गाडीभर मागे असतो, पाच-सहा मीटर. का, तर रेषेवर थांबलेल्या गाडीने झेब्रा अडू नये. म्हणजे तोंडाशी येताना आधी झेब्रावर बघायचं, मग उजवीकडे. आणि बाहेर पडतानाही झेब्रा असतो! बाहेर पडणारा चालक मोकळा रस्ता दिसल्याने गाडी उचलतो, तिथेच माणूस ओलांडत असतो. सायकलवाला बाहेरच्या कडेने पुढच्या रस्त्याला चाललेला असेल तर त्याला आडवं कापून बाहेर पडू नका. दोन सेकंद त्याच्या मागे राहा.

मोटरट्रेनर
मोठ्या वाहनांबद्दल दोन ओळी. लांब ट्रेलर सर्कलवर फिरताना त्याची मागची चाकं बेटाकडे ओढली जातात, बाहेर पडताना डावीकडे. म्हणून त्याच्या आणि बेटाच्या मधे शिरू नका आणि त्याच्या डावीकडेही राहू नका. मागे राहा. बेटाभोवती किंचित उंच फरसबंदी पट्टा दिसतो तो त्या चाकांसाठी असतो, कारने त्यावर चढायचं नाही. एसटीचं मागचं टोक वळताना बाहेर फेकलं जातं, तोंडाशी थांबलेल्यांनी बंपर रेषेच्या आत घालून ठेवला तर ते टोक घासून जातं.

मांडवीकाठ
रुग्णवाहिका आली तर? आत असताना सायरन ऐकू आला की थांबायची सवय लागलेली असते.

उलटा_त्रिकोण
आत थांबू नका, तिचाच रस्ता अडतो. जवळच्या रस्त्याने बाहेर पडा, मग डावीकडे घेऊन थांबा. तोंडाशी असाल तर शिरूच नका. वाट अडवली तर मोटर वाहन कायद्याच्या कलम १९४ई खाली दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. साधा वाट देण्याचा नियम मोडला तर १७७ए खाली ५०० ते १००० रुपये.

नवी_चालक
एक गोंधळ अजून आहे. आमच्या गावातल्या चौकात मधोमध पुतळा आहे, त्याच्याभोवती कठडा, पण चारी बाजूंना सिग्नलही आहे. तिथे आतल्याचा नियम लावायचा की सिग्नलचा?

रस्तेआरेखक
सिग्नल चालू असेल तर सिग्नल. पोलीस उभा असेल तर त्याचा हात सिग्नलच्याही वर. महाराष्ट्रात पुतळ्याभोवतीची पुष्कळशी बेटं ही खरी सर्कलं नाहीत, ते साधे चौक आहेत आणि मधे पुतळा आहे. ओळखायचं कसं? तीन बाणांची पाटी आहे का आणि येणाऱ्या रस्त्याला बेटाशी पोचण्याआधी डावीकडे वळण दिलंय का ते बघा. खऱ्या सर्कलमध्ये रस्ता तुम्हाला वळायला लावतो, म्हणून वेग आपोआप उतरतो. पुतळ्याच्या चौकात रस्ता सरळ जातो आणि लोक चाळीसने शेजारून निघतात. तिथे आतल्याचा नियम मनात धरून बिनधास्त फिरू नका, समोरचा तसा विचार करत नसतो.
रात्री सिग्नल पिवळा लुकलुकत असेल तर चौक बिनसिग्नलचा समजा. वेग कमी, बेटाला वळसा, आतल्याला वाट.

नवी_चालक
सगळं उतरवून घेतलं. उद्या पहाटे सहाला रिकाम्या सर्कलवर जाऊन फेऱ्या मारणार आहे, शेजारी शिकवणारे काका असतील. आधी फुटपाथवर उभी राहून सेकंद मोजीन म्हणते.

मोटरट्रेनर
पहाटे सहाला मोजायला गाड्या नसतील, ताई. मोजायला नऊ वाजता जा, चालवायला सहाला. पहिल्या दिवशी फक्त पहिला डावा रस्ता पकडायचा सराव, दहा वेळा. मग सरळ. उजवीकडचा तिसऱ्या दिवशी.
आणि चालवताना एक लक्षात येईल ते आधीच सांगून ठेवतो. उजवा इंडिकेटर देऊन शिरलात की स्टिअरिंग आधी डावीकडे जातं, त्यात तो कधी कधी आपोआप बंद होतो. आणि बाहेर पडतानाचा डावा आपोआप कधीच लागत नाही, तो हाताने द्यायचा. तेव्हा हात स्टिअरिंगवर आडवे झालेले असतात आणि दांडी सापडत नाही. घरी उभ्या गाडीत, इंजिन बंद, किल्ली चालू, न बघता दांडी वर-खाली करून घ्या. आपल्या बहुतेक गाड्यांत ती उजव्या हाताला असते, युरोपीय कंपन्यांच्या गाड्यांत डाव्या.

नवी_चालक
गाडी फोक्सवॅगनची आहे, दांडी डावीकडे. आत्ताच खाली जाऊन करून बघते.